मालनअक्का आणि पांढऱ्या फिल्मा

मालनअक्काचा हात कायम गरम असायचा. असायचा म्हणजे ती तो करून घ्यायची. एक्स-रेच्या खोलीत खिडकीशी एक छोटा स्टोव्ह होता, त्यावर पाण्याची किटली. बाईला टेबलाशी बसवलं की अक्का किटलीला दोन्ही तळवे लावून उभी राहायची आणि मगच तिच्या अंगाला हात लावायची. फिल्मची चपटी पत्र्याची पेटीसुद्धा ती आधी स्वतःच्या शालीत गुंडाळून ठेवायची. "गार पत्रा उराला लागला की बाई आकसती," म्हणायची, "आन् आकसलेल्या बाईचा फोटो चांगला येत न्हाय." यात माया किती आणि फोटोची काळजी किती, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलं नाही. दोन्ही असावं.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर डॉक्टर इनामदारांचा एक्स-रेचा दवाखाना होता. तिथे मी रिपोर्ट टाइप करायचे. घरी दोन मुलं, नवरा सरकारी कचेरीत, आणि दिवसभर माझ्या बोटांखाली लोकांची मोडलेली हाडं. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. डॉक्टर विलायतेला शिकून आले होते आणि येताना स्तनाचा एक्स-रे काढायची पद्धत शिकून आले होते. त्यासाठी वेगळं मशीन आमच्याकडे नव्हतं. हाडांच्या मशीनलाच पत्र्याचं लांबट नळकांडं बसवायचं, बारीक दाण्याची फिल्म वापरायची, की झालं. पण कागलची नाहीतर करवीरची बाई परक्या पुरुषापुढे पदर काढणार कशी? म्हणून डॉक्टरांनी मिरजेच्या एका दवाखान्यातून अक्काला बोलावून घेतलं. तिथल्या डार्करूममध्ये तिची बारा वर्षं गेली होती.

अक्का मूळची कागलची. विशीतच विधवा झालेली, भावाकडे राहायची, रोज सकाळी एस.टी.ने यायची. हाडापेरानं मोठी, आवाज जिन्याखालच्या पानपट्टीपर्यंत पोचणारा. आमच्याकडच्या बायकांसारखी स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणायची. फिल्म धुवायच्या औषधानं तिची नखं तपकिरी झाली होती आणि बोटांचा वास कशानं जात नव्हता. डबा खाताना ती आधी बोटांवर लिंबाची फोड चोळायची आणि तरीही भाकरी मोडताना नाक मुरडायची.

बाईबरोबर आलेला नवरा आत डोकावला, की ती दारात आडवी व्हायची. "पावणं, भाईर. हितं काय तमाशा लागलाय व्हय?"

"न्हाय, म्हटलं तिला भ्या वाटंल."

"तिला भ्या तुमचंच वाटायलंय. बसा बाकड्यावर."

धुतलेल्या फिल्मा ती बोळातल्या दोरीला चिमट्यांनी वाळत घालायची. हातापायाच्या फिल्मा कशाही, पण बायकांच्या त्या फिल्मा भिंतीकडे तोंड करून. मी एकदा म्हटलं, अक्का, त्यात कुणाला काय कळतंय? तर म्हणाली, "त्यास्नी कळू दे न्हायतर न कळू दे. बाईला कळतंय की, माजं टांगलंय म्हणून." तेव्हापासून मीही बोळातून जाताना कुणी फिल्म उलटी केली नाही ना, हे बघायला लागले.

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचा असा समज, की फोटो काढला म्हणजे औषध झालं. मशीन कुरकुरलं, आतून काहीतरी गेलं, आता दुखणं राहणार नाही. घरचेही तसेच. "फोटो काढून आणलाय की," एवढं म्हटलं की विषय संपला. अक्का त्यांच्यावर खेकसायची, "फोटो म्हंजे औषध न्हवं गं बाई! नुसतं बगायचं असतंय त्यातनं." पण तिचाही स्वतःच्या फिल्मांवर तितकाच विश्वास होता. फक्त तो वेगळ्या रस्त्यानं आलेला होता.

त्याला कारणही होतं. हातकणंगल्याची एक म्हातारी आली होती, सत्तरीची. सुनेनं आणलेली. म्हातारीचा हट्ट असा, की दुखतंय एका बाजूला तर एकाच बाजूचा फोटो काढा, दुसऱ्या बाजूला उगीच कशाला त्रास. अक्कानं काही न ऐकता दोन्हीकडचे काढले. दुखत होतं डावीकडे. तिथे काही नव्हतं. न दुखणाऱ्या उजवीकडे, काळ्याभोर फिल्मवर, जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका होता. हाताला काहीच लागत नव्हतं. तरी डॉक्टरांनी म्हातारीला सर्जनकडे पाठवलं आणि तो कॅन्सरच निघाला. इतका लहान, की म्हातारी त्यानंतर कितीतरी वर्षं जगली आणि दर संक्रांतीला अक्काला शिव्या देत देत तिळगूळ घेऊन यायची.

त्यानंतर अक्काचं एक वाक्य ठरून गेलं. "माझी फिल्म खोटं बोलत न्हाय."

डॉक्टरांनी मला एकदा ही काळ्यापांढऱ्याची गोष्ट समजावून सांगितली होती. टाइप करणाऱ्याला अर्थ कळलेला बरा, असं त्यांचं मत. वय झालं की बहुतेक बायकांच्या स्तनातला दुधाचा भाग आटत जातो आणि चरबी उरते. चरबी फिल्मवर काळी दिसते आणि गाठ पांढरी, म्हणून ती लगेच सापडते. पण पुष्कळ बायकांचा, त्यातही तरुण बायकांचा, आतला भाग दाट असतो, आणि तोही फिल्मवर पांढराच येतो. पांढऱ्यात पांढरं कसं शोधायचं? अक्का शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "दह्याच्या गाडग्यात लोण्याचा गोळा टाकायचा आन् वरनं बगून हुडकायचा, असं की ओ ते." डॉक्टर हसले. आणि हे दाटपण हाताला कळत नाही, असंही ते म्हणाले. मऊ लागणाऱ्या बाईचीही फिल्म पांढरीफेक येते. ते फक्त फिल्मच सांगू शकते.

हे सगळं आम्हां तिघांना माहीत होतं. म्हणजे नंतर कुणी अज्ञानाचं सोंग घ्यायला जागा नव्हती. तरी काळी फिल्म असो की पांढरी, काही दिसलं नाही तर रिपोर्टच्या शेवटी इंग्रजीतली एकच ओळ जायची, की कोणताही दोष आढळला नाही. ती ओळ माझ्या बोटांना इतकी पाठ होती, की ती टाइप करताना मी घरी संध्याकाळी भाजी काय करायची याचा विचार करत असे.

अक्काची धाकटी बहीण इंदू मलकापूरला दिलेली होती. नवरा प्राथमिक शाळेत गुरुजी, गरीब स्वभावाचा. इंदू चौतीस वर्षांची होती. एका उन्हाळ्यात ती अक्काकडे आली आणि डाव्या काखेजवळ काहीतरी लागतंय म्हणाली. अक्कानं तिला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आणलं. त्या दिवशी मी अक्काला पहिल्यांदा घाईत पाहिलं. तिनं फिल्म स्वतः धुतली, वाळायचीही वाट बघितली नाही, ओलीच उजेडाच्या पेटीवर लावली. पांढरी. कडेपासून कडेपर्यंत पांढरी. डॉक्टरांनी भिंग घेऊन पाहिली, मान हलवली. मी रिपोर्ट टाइप केला. शेवटी ती ओळ.

अक्का बोळात आली आणि बाकावर बसलेल्या इंदूला आणि गुरुजींना मोठ्यानं म्हणाली, "कायबी न्हाय! मोकळ्या मनानं घरी जावा. माझी फिल्म खोटं बोलत न्हाय." इंदूनं तोंडाला पदर लावला आणि रडायलाच लागली. इतकी ती घाबरलेली होती. मग दोघं महालक्ष्मीच्या देवळात जाऊन ओटी भरून मलकापूरला परत गेली.

पुढचं मला तुटक तुटक कळलं. इंदूला गाठ लागतच होती. दोन महिन्यांनी ती घरी म्हणालीही, की मोठी झाल्यागत वाटते. सासूनं कपाटातून पाकीट काढून समोर ठेवलं. डॉक्टरचा कागद आहे, सख्ख्या बहिणीनं सांगितलंय, मग आता काय मनाचे खेळ? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? इंदूलाही ते पटलं, म्हणजे पटवून घ्यावंसं वाटलं असणार. अक्काला तिनं कळवलंच नाही, उगीच तिला वाईट वाटेल म्हणून. कळलं तेव्हा काखेतही गाठी आल्या होत्या. मिरजेला ऑपरेशन झालं. वर्ष भरायच्या आत इंदू गेली.

तेराव्याला मी अक्काबरोबर मलकापूरला गेले होते. जेवणं झाली, लोक पांगले. गुरुजी आत जाऊन ते पाकीट घेऊन आले. आमच्याच दवाखान्याचं, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेलं. त्यांनी रिपोर्ट बाहेर काढला, घडी सरळ केली आणि अक्कासमोर ठेवला. आवाजात राग औषधालाही नव्हता. वर्गात एखादं गणित सुटत नसावं तसं त्यांनी विचारलं, "अक्का, ह्यात तर न्हाय म्हटलंय. मग ती कशानं गेली?"

अक्का कागदाकडे बघत राहिली. मी तर भिंतीकडे बघत होते. तो कागद माझ्या हातचा होता, एका अक्षराखाली रिबन फाटल्यामुळे पडलेला डाग मला लांबूनच ओळखू आला होता. त्या घरात मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही.

परतीच्या एस.टी.त, पन्हाळ्याचा फाटा गेल्यावर, अक्का एकदाच बोलली. "लीलाबाई, माझ्या हाताला लागलं हुतं. वाटाण्याएवढं. फोटो काढायच्या आदी मी हात लावला न्हवं का, तवा. मग फिल्म बगिटली आन् म्हटलं, हाताला काय कळतंय." मग खिडकीकडे तोंड करून ती कोल्हापूरपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. इंदूची फिल्म तिनं गुरुजींकडून मागून आणली होती. ती पेटीवर लावून म्हणाली, "साहेब, बगा. गाठ कुटं हुती ते आता ठावं हाय तुमास्नी. दावा."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. "नाही दिसत, अक्का. आजही नाही दिसत."

"मग कागदावर 'दिसत न्हाय' असं लिवायचं की ओ. 'न्हाय' असं कशाला लिवलंय?"

"सगळीकडे असंच लिहितात."

"सगळीकडं इंदू न्हवती."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. त्यांचेही डोळे भरले होते. पण पांढऱ्या फिल्मला 'सांगता येत नाही' असं लिहायचं, तर सर्जन विचारणार, मग फोटो काढलात कशाला? कुणी पाठवणार नाही मग पेशंट. आणि त्यातून म्हाताऱ्या बायकांचेही फोटो बंद पडायचे, ज्यांत खरंच दिसतं. हेही ते म्हणाले. हेही खोटं नव्हतं.

अक्कानं वाद घातला नाही. तिनं स्वतःपुरता मार्ग काढला. फिल्मवर नंबर घालायची एक लाल पेन्सिल तिच्याकडे असायची. त्या दिवसापासून पांढरी फिल्म आली, की ती पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहायची, 'फिल्म पांढरी हाय. गाठ असली तरी हितं दिसत न्हाय. हाताला लागलं तर परत सर्जनला दावा.' चौथीपर्यंत शिकलेली बाई, एकेक अक्षर कोरून काढायची. शिवाय पाकीट हातात देताना बाईला आत बोलावून, स्वतःच्या गरम हातात तिचा हात धरून, कसं चाचपायचं ते दाखवायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्याकडून ते वाक्य दोनदा म्हणून घ्यायची. तिचा आरडाओरडा मात्र त्यानंतर बंद झाला. नवरे आत डोकावले तरी ती नुसती हातानं बाहेर जा म्हणून खुणावायची. 'माझी फिल्म' हे शब्द तर मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलेच नाहीत.

डॉक्टरांना पाकिटं दिसत होती. त्यांनी वर्ष-दीड वर्ष काणाडोळा केला. मग राजारामपुरीतल्या एका सर्जनांचा फोन आला. त्यांची एक पेशंट, चांगल्या घरातली, पाकीट वाचून इतकी घाबरली होती की तिनं हट्टानं गाठ काढून घेतली आणि ती साधी निघाली. तुमची ती बाई डॉक्टर कधीपासून झाली, असं त्यांनी विचारलं म्हणे.

डॉक्टरांनी अक्काला बोलावलं. मी रिपोर्टवर सह्या घ्यायला उभीच होते, मला जा म्हणाले नाहीत.

"अक्का, तुमचं चुकत नाही," ते म्हणाले. "उलट सांगतो. बाहेरच्या मासिकात वाचलं मी. अशा दाट फिल्मच्या बायकांमध्ये गाठ नुसती लपते असं नाही, त्यांना हा आजार होण्याचा धोकाच इतरांपेक्षा जास्त असावा, असं म्हणायला लागलेत लोक."

अक्का म्हणाली, "म्हंजे जिला जास्त भ्या हाय, तिलाच आपण कायबी न्हाय म्हणून घरला लावून देतोय?"

"अजून नक्की झालेलं नाही ते."

"आन् नक्की हुस्तवर?"

उत्तर नसलं की माणूस मालक होतो. "पाकिटावर लिहिणं बंद करा," ते म्हणाले. "रिपोर्ट माझा असतो. जमत नसेल तर तसं सांगा."

"न्हाय जमत," अक्का म्हणाली.

एवढंच. रडणं नाही, भांडण नाही. तिनं किटली रिकामी केली, स्टोव्ह पुसला, शाल घेतली. जाताना माझ्या टेबलाशी आली आणि ती लाल पेन्सिल माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवली. मला काय करायला हवं होतं ते न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. पण मोठा मुलगा कॉलेजात गेला होता, नवऱ्याची बदली व्हायची होती, आणि कारणं शोधायला बसलं की त्यांना काय तोटा. पेन्सिल मी खणात टाकली. अक्काच्या जागी एक तरुण मुलगी आली. हुशार होती, कामाला चटपटीत. आतून बायकांचं दचकणं मला बाहेर ऐकू यायचं.

अक्काला मी त्यानंतर एकदाच पाहिलं. सात-आठ महिने झाले असतील. दुपारची वेळ, मी खिडकीशी उभी राहून चहा पीत होते. खाली रिक्षा थांबतात तिथे अक्का उभी होती. वाळली होती. आधी मला वाटलं कुणाला तरी घेऊन आली असेल. मग लक्षात आलं, की आमच्या जिन्यातून पाकीट घेऊन उतरणाऱ्या बायकांसाठी ती थांबली आहे. पानपट्टीवाल्यानं नंतर सांगितलं, बाजाराच्या दिवशी येते, दोन-तीन तास उभी असते.

एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी आणि तिचा सासरा खाली उतरले. अक्का पुढे झाली. "पावणं, जरा फिल्म बगू द्या की."

सासऱ्यानं काय समजून दिली कुणास ठाऊक. अक्कानं ती पाकिटातून काढली आणि दोन्ही हातांनी आभाळाकडे धरली. मला वरूनसुद्धा दिसलं. पांढरी होती.

"हिच्यात दिसत न्हाय पावणं," अक्का म्हणाली. तिचा आवाज अजून पहिल्या मजल्यापर्यंत पोचत होता. "पोरीला इचारा, हाताला काय लागतंय का. लागत असंल तर आजच्या आज सर्जनकडं न्या."

"कागदावर कायबी न्हाय म्हणून लिवलंय," सासरा म्हणाला. "आत्ताच वाचून दावलं त्यांनी. डॉक्टर मोठा का तुमी?"

"डॉक्टरच मोठा. पण पोर तुमची हाय."

त्यानं फिल्म ओढून घेतली, घडी पडेल इतक्या जोरानं पाकिटात कोंबली आणि रिक्षात बसला. मुलगी चढता चढता थांबली. तिनं सासऱ्याच्या पाठीआड आपला उजवा हात पदराखालून डाव्या काखेजवळ नेला, तिथे ठेवला आणि अक्काकडे बघितलं. रिक्षावाल्यानं किक मारली.

अक्का चार पावलं रिक्षामागे धावली. मग वळून तिनं वर बघितलं, सरळ आमच्या खिडकीकडे. तो रिपोर्ट सकाळी मीच टाइप केला होता. मुलीचं नाव, गावाचं नाव, पत्ता, सगळं माझ्या टेबलावर होतं. जिना उतरायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी उतरले नाही.